तिसऱ्या मजल्यावर न थांबणारी लिफ्ट

हिंजवडीच्या थंडगार ऑफिसात बरीच वर्षं बसून काढल्यावर माझी प्रगती पगारापेक्षा पोटावर जास्त दिसू लागली. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "दिवाळीपर्यंत वजन उतरवा. नाहीतर रक्तदाबाची गोळी, जन्मभर." मला धडकीच भरली. गोळी लागली की माणूस अधिकृतपणे म्हातारा, अशी माझी समजूत होती.

एकट्याने बारीक होणं माझ्या स्वभावात नाही. मी सोसायटीचा सेक्रेटरी; म्हटलं, सगळ्यांनाच बारीक करू. वार्षिक सभेत ठराव मांडला: लिफ्ट खालच्या तीन मजल्यांवर थांबणार नाही. तिथे सगळे आम्ही आयटीवालेच; म्हातारं कुणी नव्हतं, नुसते तसे दिसायचो. मी स्वतः तिसऱ्यावर राहत असल्यामुळे चेहऱ्यावर त्यागाचं तेजही होतं. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण सभेनंतरचे बटाटेवडे गार होत होते.

आठवडाभर जिन्यात नुसत्या धापा. जो तो मध्येच थांबून मोबाइलवर मेसेज वाचायचं नाटक करी. मग एका संध्याकाळी, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन बायको शांतपणे म्हणाली, "अहो, चौथा दाबा. एक मजला उतरू. उतरायला कुठे बंदी आहे?"

इंजिनिअर मी, डोकं तिचं. बघता बघता सगळी इमारत चौथ्यावर जाऊन खाली येऊ लागली. पहिल्या मजल्यावरचे तर तीन मजले उतरायचे, पण एक चढायचे नाहीत.

ज्यांच्या शेतात आमची इमारत उभी राहिली, ते काका चौथ्यावर राहत. एकदा ते दारातच आडवे आले.

"सेक्रेटरी, माझ्या दारात यष्टी स्टँड केलाय व्हय?"

"काका, तब्येतीसाठी चाललंय."

"कुणाच्या, लिफ्टच्या? एवढ्या बिल्डिंगीत तीच एकटी पळती हाय."

दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरांकडे गेलो. काटा पुढेच सरकला होता.

"व्यायाम?"

"रोज जिना."

"चढता?"

मी बायकोकडे पाहिलं. तिने भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे पाहिलं.

"उतरतात," ती म्हणाली.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली.

औषधांचं दुकान आमच्या फाटकासमोरच. चिठ्ठीवर नजर टाकून दुकानदार म्हणाला, "कशाला हेलपाटा घालता साहेब? दर महिन्याला घरपोच देतो. तुमच्या अर्ध्या बिल्डिंगला हीच जाते."

मी फ्लॅटचा नंबर सांगितला.