न झाडलेला बर्फ

९ फेब्रुवारी २०२४ रोजी मी कौमुदी परचुरेला ३८,६२० येन उसने दिले. होक्काइदोच्या विमानतिकिटाचे.

कौमुदी ओजिमातल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहते आणि माशांवर संशोधन करते. माशाच्या पोटात ती बोटाच्या पेराएवढं यंत्र शिवते. ते थोड्या थोड्या वेळाने बारीक आवाज करतं आणि बर्फाखाली टांगलेला रिसीव्हर तो टिपतो. कुठला मासा कधी तिथून गेला, ते असं कळतं.

हे रिसीव्हर नोव्हेंबरात अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर जायचे होते. आधी होक्काइदोतल्या, समुद्राला जोडलेल्या, गोठलेल्या सारोमा सरोवरात चाचणी होती. चारपैकी तीन रिसीव्हर वर काढले, तर कोरे. प्रमुख मोरिवाकी-सान चाचणी गुंडाळायला निघाले. तसं झालं असतं तर मार्चअखेर कौमुदीची नोकरीही संपली असती. संस्था भाडं देईना, म्हणून ती स्वतःच्या खर्चाने गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"काका, मासे संपावर गेलेत."

"पगार थकवलास का त्यांचा?"

"माझाच थकेल आता! आणि ही माणसं बघा, रोज सकाळी ओळीने उभी राहून रिसीव्हरवरचा बर्फ झाडतात. अंगण कसं लख्ख!"

"चौथ्याचं काय?"

"त्याचा खुणेचा झेंडा वाऱ्याने उडालाय. जागा जीपीएसवर आहे. आता तोच काढतोय."

संध्याकाळी पुन्हा फोन आला, तेव्हा ती ओरडतच होती. "काका, चौथा भरलाय! काठोकाठ!"

झेंडा नसल्याने तिथे कोणी झाडलं नव्हतं. वरचा हिमाचा थर तसाच होता, खाली अंधार होता, आणि मासे तिथेच जमले होते. बाकी तीन ठिकाणी झाडलेल्या बर्फातून उजेड आत जाई आणि मासे दूर पळत. निदान कौमुदीचा तर्क असा होता. तिने मोरिवाकी-सानना वाकून विनंती केली, झाडू नका. त्यांना ते जड गेलं. पसारा तसाच ठेवायचा म्हणजे काय! पण फावडी गाडीत गेली. आठवड्याने चारही रिसीव्हर माशांच्या नोंदींनी भरून वर आले.

"कौमुदी-सान," मोरिवाकी म्हणाले, "अंटार्क्टिकातही आमच्यावर लक्ष ठेवा. नाहीतर आम्ही पुन्हा झाडायला लागू."

मोहिमेच्या यादीत तिचं नाव लागलं, तेव्हा शैलजाने, माझ्या बायकोने, अख्ख्या मजल्याला पुरणपोळी वाटली. नोव्हेंबरात कौमुदी गेली. निघण्यापूर्वी तिने मला ३८,००० येन परत केले.

६२० येन येणे बाकी आहेत.