पांढऱ्या ठिपक्यांचा डॉक्टर

डॉक्टरकीत फजितीचे किस्से कसे साठत जातात बघा! चांगले केलेले इलाज आठवायला डोकं खाजवावं लागतं, आणि फजित्या मात्र दाढी करतानाही आठवतात. कुत्र्यामांजरांच्या फजित्या मी हसत हसत सांगतो. माशांच्या सांगताना मान खाली जाते. आज त्याच सांगतो.

मी जनावरांचा डॉक्टर. क्लिनिक हरिशंकरपुरममध्ये. ग्वाल्हेरात खाऱ्या पाण्यातले, म्हणजे समुद्रातले मासे पाळणारी आमची चार डोकी. सराफ्यात दागिन्यांचं दुकान असलेले अग्रवालजी, पाटणकर बाजारात साड्या विकणाऱ्या मंजिरीताई, केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले सप्रे सर, आणि सगळ्यात शेवटी आलेला मी. पाणी आरओचं, मीठ पाकिटातलं, मासे पार्सलनं येणारे! डिग्री माझ्याकडे, म्हणून डॉक्टर मीच. माशांबद्दल मला कॉलेजात किती शिकवलं होतं, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

*

सुरुवात अग्रवालजींच्या फोननं झाली. "डॉक्टर साहब, मछली पर किसी ने सूजी छिड़क दी है!"

गेलो. दुकानात सहा फुटी टाकी, त्यात पिवळाधमक टँग मासा, अंगभर रव्यासारखे पांढरे ठिपके. सारखा दगडावर अंग घासत होता. समोर गिऱ्हाइकं बसलेली, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. लहानपणी माझ्याकडे गोल्डफिश होते. त्यांना असं काही झालं की आम्ही पाण्यात मीठ टाकायचो. तेवढंच मला येत होतं.

"घाबरू नका," मी म्हणालो. "पाण्यात थोडं मीठ टाका."

अग्रवालजींनी हळूच विचारलं, "डॉक्टर साहब... समंदर में?"

मंगळसूत्र बघायला आलेल्या बाईंनी तोंडाला पदर लावला. तिथंच चूक कबूल करायची की नाही? पण मी म्हणालो, "हो, म्हणजे... मोजून!"

*

घरी येऊन वाचत बसलो. त्या रोगाला व्हाइट स्पॉट म्हणतात. सूक्ष्म परजीवी माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत घुसून बसतात. औषध मागवलं. पार्सल यायच्या आधीच, तिसऱ्या दिवशी, टँगच्या अंगावरचे ठिपके गायब!

"चमत्कार!" अग्रवालजी म्हणाले.

मी काहीच केलेलं नव्हतं. तरी तोंडातून निघालं, "वेळेवर पकडलं आपण."

ही बातमी सराफ्यातून थेट आमच्या मराठी मंडळात पोचली. गणेशोत्सवात माझा सत्कार! शाल, श्रीफळ, "मुक्या जिवाचे प्राणदाते" वगैरे. मी वाकून शाल घेतोय तोच खिशात फोन थरथरला. अग्रवालजींचा फोटो. मासा नखशिखांत पांढरा. खाली लिहिलेलं, "सूजी वापस आ गई। अब तो पूरा हलवा है!"

ते परजीवी पोट भरलं की माशाला सोडून तळाशी जाऊन बसतात. तिथं एकाचे शेकडो होतात आणि परत माशावर चढतात. ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नाही. पुस्तकात ते पुढच्याच पानावर होतं. मी तिथवर वाचलंच नव्हतं.

तो मासा नंतर वेगळ्या टाकीत महिनाभर औषध देऊन वाचला. शाल मी आजवर पांघरलेली नाही.

*

एव्हाना मीही टाकी घेतली होती. सप्रे सरांच्या एका माशाच्या अंगाला चपटे जंतू चिकटले. त्यावर उपाय म्हणजे माशाला पाच मिनिटं गोड्या पाण्यात बुडवायचं. मासा ते सोसतो, जंतू नाही. सर स्टॉपवॉच घेऊन उभे. मासा आडवा झाला. सरांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, रामरक्षा सुरू केली.

"मेला सर, मेला!" मी ओरडलो आणि जाळी घालून दुसऱ्याच मिनिटाला त्याला बाहेर काढलं. टाकीत पडताच मासा खायला मागू लागला!

सरांनी स्टॉपवॉच थांबवलं. "डॉक्टर, पेशंट शांत होता. घाबरले होते सर्जन."

*

यानंतरचं हसून सांगता येत नाही.

मंजिरीताईंचा फोन आला, त्यांच्या माशावर ठिपके आले होते. मी एका लॅब्रॅडोरला इंजेक्शन देत होतो. फोन खांद्यात धरून म्हणालो, "कॉपरचं औषध टाका, बाटलीवर लिहिलंय तेवढं." आजारी मासा आधी वेगळ्या टाकीत काढायचा, हे सांगायचं राहिलं. कॉपरनं परजीवी मरतात, तशीच कोळंबी आणि गोगलगाईही मरतात.

दुसऱ्या दिवशी त्या स्टीलचा डबा घेऊन क्लिनिकमध्ये आल्या. आत त्यांची लाल-पांढरी कोळंबी.

"ही रोज सकाळी माझ्या बोटावर चढून नखं साफ करायची," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोललात टाका, तर मी टाकलं."

मी म्हणालो, "बाटलीवर लिहिलेलं असतं, ताई."

त्या डबा बंद करून गेल्या. माझी मुलगी तिथंच बसली होती. म्हणाली, "बाबा, सॉरी तो बोल देते!"

नंतर मी बाटली वाचली. लिहिलेलं होतं, पण मीही ते पहिल्यांदाच वाचत होतो. सॉरी अजून म्हटलेलं नाही. मंजिरीताई आता मासा आजारी पडला की सरांना विचारतात.

*

त्या प्रकारानंतर मी आमच्या चौघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक नियम लिहून पाठवला. नवा मासा कुणाकडूनही येवो, महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवायचा. सरांनी तो छापून भिंतीवर लावला.

सरांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला. त्यांच्यासाठी मागवलेला मासा वेळेवर आला नाही. रिकाम्या हातानं कसं जायचं? मी माझ्या टाकीतला एक मासा पिशवीत घातला. बोटाएवढा, अर्धा जांभळा, अर्धा पिवळा. तीन आठवड्यांपूर्वी माझ्या टाकीत ठिपके दिसले होते. मग आपोआप गेले होते. आपोआप जाण्याचा अर्थ ग्वाल्हेरात माझ्याइतका कुणाला ठाऊक होता?

सरांनी पिशवी उजेडात धरली. "महिनाभर वेगळा ना, डॉक्टर?"

"सर, माझ्याकडचा आहे," मी म्हणालो. "थेट टाका!"

सरांकडे क्लाउनफिशची जोडी होती, नऊ वर्षांची. काकू त्यांना जावई आणि लेक म्हणायच्या. दहाव्या दिवशी दोघांच्या अंगावर ठिपके आले. मी धावलो, वेगळी टाकी लावली, औषध दिलं. उशीर झाला होता. आधी लेक गेली, दुसऱ्या दिवशी जावई.

सरांनी ग्रुपवर लिहिलं, "माझ्या मोजमापात चूक झाली असावी. आयुष्यभर मुलांना मोजायला शिकवलं. लाज वाटते."

मी बरंच काही टाइप केलं. पुसलं. शेवटी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

पंधरा दिवसांनी सर क्लिनिकमध्ये आले. कुत्रेवाल्यांच्या रांगेत बसून राहिले, नंबर आल्यावरच आत आले. हातात पाण्यानं भरलेली पिशवी, आत तो अर्धा जांभळा, अर्धा पिवळा मासा. ठणठणीत! अंगावर एक ठिपका नाही.

"हा एकटाच वाचला," सर म्हणाले. "तुम्ही प्रेमानं दिलेला, माझ्या हातून जायला नको. तुमच्याकडे सुरक्षित राहील."

मी दोन्ही हात पुढे केले. पिशवी घेतली.

दारापर्यंत जाऊन सर थांबले, मागे वळले. "एक सांगू, डॉक्टर? रागावू नका. याला थेट टाकीत टाकू नका हं. महिनाभर वेगळा ठेवा. माझ्याकडून काही आलं असलं, तर तुमचे मासे उगाच मरायचे."