एरियलची मजुरी

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, आणि विश्रामबागेतल्या आमच्या आळीत पहिला रेडिओही मीच आणला. पण बातम्या लागल्या की नुसती खरखर. आबा मला खेटून बसत आणि विचारत, "काय म्हंतोय रं त्यो?" मी कान लावून ऐके आणि त्यांना सांगे. खरं म्हणजे मला ती खरखर आवडू लागली होती.

मग हा वडूजकडचा माणूस आला. नुकताच पलटणीतून सुटलेला. म्हशीला थोपटावं तसा रेडिओला थोपटून म्हणाला, "घसा बसलाय गड्याचा. तार उंच बांधूया." त्याने छपरावर दोन बांबू उभे केले, मधे एरियलची तार ताणली आणि आवाज स्वच्छ झाला. मजुरी विचारली तर म्हणाला, "पैसं कशाला? सांजच्याला बातम्या ऐकू द्या, झालं."

तेव्हापासून तो रोज येतो. पायताण दाराशी नीट जोडून ठेवतो आणि आबांच्या शेजारी, माझ्या जागेवर बसतो. चहा आला की बशीत ओतून आधी आबांपुढे सरकवतो. मला हे कधी सुचलं नव्हतं.

काल बातम्यांत बर्लिनचं नाव आलं. आबांनी त्यालाच विचारलं, "कुठंशी आलं वो हे?"

"आमच्या इजिप्तच्या छावणीमागं. लय लांब न्हाई."

मी भिंतीवरचा नकाशा काढायला उठलो.

"बस रं खाली," आबा म्हणाले. "ते सांगत्यात न्हवं?"