शमशादचा ळ

स्वारगेटच्या एसटी स्थानकावर तेरा वर्षं एक आवाज होता. "शिरवळ, खंडाळा, वेळेमार्गे साताऱ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे." एका दमात तीन ळ, आणि तिन्ही टपोरे. तेरा वर्षांत त्या आवाजाविरुद्ध एकही तक्रार आली नाही, आणि पुण्यात याला जवळजवळ जाहीर सत्कारच म्हणतात. आवाज कुणाचा, हे मात्र कुणी विचारलं नाही. असेल पेठेतली कुणी, असं धरून लोक आपापल्या गाडीत बसत.

तो आवाज होता बिबवेवाडीच्या शमशाद तांबोळीचा.

हा ळ तिला जन्मजात मिळाला नव्हता. मंडईजवळ वडिलांचं विड्याच्या पानांचं दुकान, घरात दखनी बोली, आणि तिच्यात ळ औषधालासुद्धा नाही. तिसरीत नव्या बाईंनी नाव विचारलं, तेव्हा ती "शमशाद तांबोली" म्हणाली आणि वर्ग हसला. सुशीलाबाई हसल्या नाहीत. शाळा सुटल्यावर पंधरा दिवस त्यांनी तिला थांबवून घेतलं. जीभ मागे वळव, टाळूला लाव, सोड. बाळ, माळ, काळजी. "आडनाव तुझं आहे. ते दुसऱ्या कुणी तुझ्यापेक्षा चांगलं म्हणता कामा नये," असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी तिला न्यायला आई यायची, हलिमाबी. दाराशी उभी राहून म्हणायची, "कालजी नको करू बाई, रोज पाठवते मी पोरीला." बाई म्हणायच्या, "नाही करत, हलिमाबी."

पुढे बाईंची दृष्टी गेली. त्या कर्वेनगरला मुलाकडे राहायला आल्या आणि शमशाद दर शनिवारी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला जाऊ लागली. अग्रलेखसुद्धा सोडायची नाही. बाई डोळे मिटून ऐकत आणि मध्येच एखादा ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत. तो संपादकाचा की शमशादचा, हे सांगत नसत.

दोन हजार तीन साली स्थानकात संगणकावरची घोषणा आली. शमशादची बदली विद्यार्थी पासच्या खिडकीवर झाली. पगार तोच, काम उलट हलकं, पण पहिल्या दिवशी खिडकीतून तो यंत्राचा आवाज ऐकताना तिनं एकाच पासावर दोनदा शिक्का मारला. कुणाला सांगणार? माईक गेला म्हणून कुणी रडतं का?

नेमक्या त्याच सुमारास शहरात एफएमचं पेव फुटलं होतं. रिक्षात एफएम, न्हाव्याकडे एफएम, हिंजवडीला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसमध्ये एफएम. एका केंद्रासाठी विनोदी तुकडे लिहिणारा ऋषी नावाचा तरुण स्थानकातला तो जुना आवाज शोधत आला. त्याला हवी होती शुद्ध मराठी निवेदिका. खिडकीवरच्या पाटीवर त्यानं नाव वाचलं आणि त्याचा बेतच बदलला. त्यांना म्हणे एक खाला हवीच होती.

खाला म्हणजे मावशी. हिचं नाव चाँदखाला. रोज दोन मिनिटं श्रोत्यांना सल्ला द्यायचा, असं पात्र. शमशादनं लिहिलेलं वाचलं. चाँदखालाला नऊ पोरं, नवरा दर आठवड्याला तलाक द्यायला निघतो आणि बिर्याणीच्या वासानं परत फिरतो. शमशादचा नवरा दस्तगीर बाइंडिंगच्या दुकानात कामाला होता. पोर एकच, तीही अभियांत्रिकीला, आणि सकाळचे पोहे दस्तगीरच करायचा. ऋषीनं मोठ्या आस्थेनं विचारलं होतं, "तुमच्यात नाश्त्याला काय असतं?" तिनं पोहे सांगितलं. पोहे म्हणजे अगदीच आपल्यासारखं झालं, असं म्हणून त्यानं पाया, म्हणजे बोकडाच्या पायांचा रस्सा, लिहिला.

तिथंच उठायला हवं होतं. पण समोर माईक होता.

तिनं पहिला तुकडा वाचला. काचेपलीकडून ऋषी म्हणाला, "मॅडम, आवाज झकास आहे. पण मुसलमान बाई वाटत नाहीये."

शमशादला हसू आलं. आणि मग जे झालं, ते ऋषीनं केलं असं म्हणायला तिला पुढे कितीही आवडलं असतं, तरी ते तिनंच केलं. काय काढलं की तसं वाटेल, हे त्या पोराला ठाऊक नव्हतं. तिला बरोबर ठाऊक होतं. तिनं जीभ सरळ केली, आवाज जरा फाटका केला आणि म्हणाली, "कालजी नको करू बेटा."

काचेपलीकडे सगळे खो खो हसले. महिन्याभरात ते वाक्य गावभर झालं. वाहतूक पोलीस म्हणत, कॉलेजची पोरं म्हणत, बाइंडिंगच्या दुकानात मालक दस्तगीरला रोज सकाळी तेच ऐकवून स्वागत करी. दस्तगीर घरी येऊन एवढंच म्हणाला की, तुला माईक मिळाला ना, मग झालं. त्यानंतर त्यानं दुकानात जेवणाचा डबा वेगळा बसून खायला सुरुवात केली, हे तिला फार उशिरा कळलं.

बाईंना तिनं काही सांगितलं नाही. आठ महिने शनिवारी जात राहिली आणि अग्रलेख वाचत राहिली.

एका शनिवारी वाचन चालू असताना आत सुनेनं रेडिओ लावला. चाँदखाला आली, नवऱ्यावरून काहीबाही बोलली, शेवटी ते वाक्य आलं आणि मागून हशा. शमशाद वाचताना अडखळली.

"पहिल्याच दिवशी ओळखलं होतं," सुशीलाबाई म्हणाल्या. "आपणहून सांगशील म्हणून थांबले."

शमशाद म्हणाली, गंमत आहे बाई, लोकांना आवडतं.

"तुझी आई शाळेच्या दाराशी अगदी असंच म्हणायची. मी कधी हसले नव्हते गं तिला."

एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईंनी पुढचा परिच्छेद वाचायला सांगितला, आणि शमशादला अक्षरं दिसेनात. खरंच, ते वाक्य तिनं रचलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या आईच्या तोंडचं ते जसंच्या तसं उचललं होतं. आणि ते करताना आई आठवलीसुद्धा नव्हती, याची लाज तिला सगळ्यात जास्त वाटली.

सोमवारी तिनं ऋषीला नाही म्हणून कळवलं. त्याला वाईट वाटलं, पण अडलं काहीच नाही. शेफाली नावाची नाटकातली मुलगी आली. तिनं शमशादचे जुने तुकडे दोन दिवस ऐकले आणि खालाला हुबेहूब उचललं. चाँदखाला आणखी सहा वर्षं चालली, तिच्या सीडी निघाल्या, गॅदरिंगमध्ये पोरं पदर घेऊन तिची नक्कल करू लागली. शमशाद आईला आठवायला बसली की आई दाराशी यायची, "कालजी नको करू" म्हणायची, आणि मागून तो हशा ऐकू यायचा. तो तिला अजून पुसता आलेला नाही. सुशीलाबाई गेल्या, तोवर शनिवार चुकला नाही, पण त्या विषयावर दोघी पुन्हा बोलल्या नाहीत.

निवृत्तीच्या वर्षीची गोष्ट. खिडकीवर एक कॉलेजची मुलगी पासासाठी रडवेली होऊन उभी होती. शेवटची तारीख होती आणि दाखल्यावर शिक्का नव्हता. शमशादनं आत फोन लावून काम करून दिलं आणि म्हणाली, "काळजी करू नका. पास आजच मिळेल."

मुलीनं पाटीवरचं नाव वाचलं, मग तिच्याकडे पाहिलं. "मॅडम, कसलं प्युअर मराठी बोलता हो तुम्ही! मला वाटायचं, तुमच्यात सगळे त्या चाँदखालासारखं बोलतात."

"नाही," शमशाद म्हणाली.

"मग ती कुठून शिकली तसं?"

शमशादनं पासावर सही केली, शिक्का मारला आणि तो खिडकीतून पुढे सरकवला.

"मी शिकवलं तिला," ती म्हणाली.

मुलीला तो विनोद वाटला. ती मनापासून हसली, थँक्यू म्हणाली आणि पास घेऊन फलाटाकडे पळाली.