गळ्यातली उशी

ताईचं डोकं फिरलं ते धाकट्या भावाच्या एका वाक्याने. "तुझं काम घरूनच चालतं ना? मग आप्पांकडे बघायला तुला काय जड आहे?" आणि हे तो बोलला कुठून, तर कुठल्याशा समुद्रकिनाऱ्यावर तंगड्या पसरून, फोनवर! काम त्याचंही लॅपटॉपवरच. फक्त त्याचा लॅपटॉप देशोदेशी हिंडायचा, आणि तिचा आप्पांच्या पलंगाशी खिळलेला.

ताई सिनेमांखाली दिसणारे संवाद टाइप करायची. पडद्यावरची माणसं बोटीत प्रेम करायची, बर्फात भांडायची, आणि ही डाव्या कानात इअरफोन खुपसून बसायची. उजवा कान आप्पांसाठी मोकळा. त्यांना अर्धांगवायू झाल्यापासून हेच. हाक आली की सिनेमा थांबवा, भांडं द्या, कूस बदला, पुन्हा सिनेमा.

आता तिनेही ठरवलं होतं, जग बघत काम करायचं. ऑफिसची ना नव्हती. आप्पासुद्धा म्हणाले, "जा गं, मी काय पळून जातोय?" मोडता घातला तो धाकट्याने. "तू गेलीस तर आप्पांचं कोण करणार?" वा रे शहाण्या! तू गेलास तेव्हा हा प्रश्न कुणाला पडला होता का?

मग व्हिसा संपला म्हणून स्वारी काही दिवस घरी टेकली. येताना ताईसाठी भेट आणली. विमानात गळ्याभोवती अडकवतात ती उशी.

"आप्पांजवळ बसून मान अवघडते ना तुझी? ही घालून बसत जा," तो लाडाने म्हणाला.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने आत जाऊन तिकीट काढलं.

सकाळी ती गळ्यात तीच उशी अडकवून दारात उभी राहिली. "भांडं पलंगाखाली आहे. हाक आली की उठायचं."

"अगं, माझी मीटिंग आहे!"

"घरूनच आहे ना?"

"आणि माझं परतीचं तिकीट?"

"रद्द कर. मी इतकी वर्षं काढलंच नव्हतं." मग ती आप्पांच्या पाया पडली. त्यांनी चांगल्या हाताने तिची बोटं घट्ट दाबली आणि सोडून दिली.

गाडी सुटल्यावर तिने लॅपटॉप उघडला, सिनेमा लावला. बरंच टाइप करून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, उजवा इअरफोन मांडीवरच पडलाय. इथे कोण हाक मारणार होतं? "मेला कान!" ती चरफडली. डोळ्यांत पाणी आलं त्याचाही तिला राग आला. तिने तो इअरफोन उचलून कानात खुपसला आणि सिनेमा पहिल्यापासून लावला.