घाडीअण्णांचा लाल ठिपका

मदरबोर्ड हातात घेण्याआधी घाडीअण्णा हात धुवायचे. साबण लावून, पार कोपरापर्यंत. मग चाळीच्या सामायिक मोरीतला लोखंडी नळ मुठीत धरून क्षणभर डोळे मिटून उभे राहायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, देवाचं काहीतरी पुटपुटत असतील. नंतर कळलं की अंगातली स्थिर वीज नळावाटे जमिनीत सोडून देण्याची ही त्यांची पद्धत होती. माझ्या दुकानात त्यासाठी मनगटाला बांधायचा खास पट्टा होता. तो कधी सापडायचा नाही आणि सापडला तरी कुणी बांधायचं नाही. अण्णा म्हणायचे, "पट्टो हरवता. नळ खंय जातलो?"

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. मी गिरगावात राहायचो आणि लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत एका पोटमाळ्यावर कॉम्प्युटर जोडून विकायचो. अण्णा डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत राहायचे. मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात त्यांची उभी हयात गेली होती. मिल बंद पडली तेव्हा पन्नाशी उलटलेली. बरोबरीचे लोक गावाला गेले, काही दारूला लागले. अण्णा आधी रेडिओ दुरुस्त करायला लागले, मग टीव्ही, मग हे. मी विकायला आणलेला प्रत्येक नवा बोर्ड आधी त्यांच्याकडे जायचा. त्यांनी होय म्हटलं तरच मी तो गिऱ्हाइकाला दाखवायचो. माझ्याकडे तेवढी अक्कल होती, हे मी आजही स्वतःच्या बाजूने सांगू शकतो. त्या बाजूने पुढे सांगण्यासारखं फारसं नाही.

मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली मोठी हिरवी पाटी, जिच्यावर बाकी सगळं बसतं. तेव्हा नवा कॉम्प्युटर घेणं आमच्या गिऱ्हाइकांच्या आवाक्यातलं नव्हतं. मॉनिटर जुना, डिस्क जुनी, फक्त ही पाटी बदलायची आणि मशीन नवं झालं म्हणायचं. त्यातही हौशी लोक असायचे. बोर्डावर नखाएवढी प्लास्टिकची टोपी असते, तिला जंपर म्हणतात. तो एका काडीवरून उचलून दुसऱ्या काडीवर बसवला की मशीन कंपनीने सांगितलं असेल त्याहून जास्त वेगाने पळायचं. फुकटातला वेग. पोरं त्यासाठी वेडी व्हायची.

अण्णांचा त्याला विरोध नव्हता. गेम खेळणाऱ्या पोरांचे कित्येक बोर्ड त्यांनी स्वतः पळवून दिले. पण कोणताही बोर्ड समोर ठेवला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "कोणाच्या घरात जाणार, ते सांग आधी." मी म्हणायचो, अण्णा, चांगला की वाईट तेवढं सांगा ना. त्यावर ते चष्म्यावरून बघायचे. "चांगला-वाईट असं नसतं रे. खेळणाऱ्याने पळवावा. ज्याचं पोट त्याच्यावर आहे, त्याने चालवावा."

तपासण्याची रीतही त्यांची स्वतःची. इंग्रजी मासिकांत बोर्डांची परीक्षणं यायची, आकड्यांचे तक्ते असायचे, ती मी कौतुकाने त्यांना वाचून दाखवायचो. अण्णा ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "हे मासिकवाले राहतात तिथे स्टोव्ह असतो काय?" मग ते बोर्ड कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्यात बंद करायचे, डबा खाटेखाली सरकवायचे, शेजारी रॉकेलचा स्टोव्ह पेटता ठेवायचे आणि त्या उकाड्यात मशीन तीन दिवस चालू ठेवायचे. चाळीतल्या खोलीत कॉम्प्युटर असाच राहणार होता. अधूनमधून डबा उघडून चिपवर बोट ठेवायचे आणि पाच आकडे मोजायचे. पाचपर्यंत बोट टिकलं नाही तर बोर्ड नापास.

निकाल एका लांबड्या रजिस्टरात लिहिलेला असायचा. मिलमध्ये मोटारींची नोंद ठेवायचे तसे रकाने आखलेले. नाव, स्वभाव, दोष. स्वभावाच्या रकान्यात मी हसून हसून वाचलेल्या ओळी अजून आठवतात. "तापट. दुपारी बारा ते चार अंगावर घेऊ नये." "गरीब. जुनी रॅम पण सांभाळून घेतो." "दिसायला देखणा, कामाला पाहुणा." एखाद्या स्थळाची चौकशी करून यावं तसं ते बोर्डाबद्दल लिहायचे.

आणि शेवटी लाल ठिपका. बोर्ड पास झाला की ज्या वेगावर तो पास झाला, तिथे जंपर बसवून अण्णा त्याच्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचे. अर्धा जंपरवर, अर्धा खालच्या बोर्डावर. बाटली त्यांच्या लेकीची, सुनंदाची. जंपर हलवला की ठिपक्याला तडा जाणार. मिलमध्ये रेग्युलेटरवर लाखेचं सील असायचं, त्याचा हा धाकटा भाऊ. चाळीत लोक म्हणायचे, अण्णाचा लाल ठिपका आहे ना, मग घ्या डोळे मिटून.

त्यांच्याच मजल्यावर सुमित्रावहिनी तावडे राहायच्या. नवरा मिलमधला, घरी बसलेला. मुलगी दहावी होऊन डिप्लोमाला जायचं म्हणत होती. वहिनी टायपिंग शिकलेल्या होत्या, त्यावर डीटीपी शिकल्या आणि घरीच छपाईची पानं जुळवून द्यायला लागल्या. लालबागच्या एका छापखान्याने त्यांना मोठं काम दिलं, एका ज्ञातिमंडळाची कुटुंबसूची. गावोगावची हजारो नावं, पत्ते, लग्नाची मुलंमुली. ते काम नीट पार पडलं तर छापखान्याचं कायमचं काम मिळणार होतं आणि मुलीच्या प्रवेशाची चिंता मिटणार होती. जुन्या मशीनला ते झेपेना म्हणून बोर्ड बदलायचा ठरला.

मी एक स्वस्तातला बोर्ड आणला. त्यावर जुनी रॅम चालायची, म्हणून वहिनींना सोयीचा. वेगाच्या तीन पायऱ्या होत्या, सहासष्ट, पंचाहत्तर आणि त्र्याऐंशी. अण्णांनी तो तीनऐवजी सात दिवस ठेवला. मग सहासष्टवर ठिपका देऊन मला बजावलं, "हिला त्र्याऐंशी दाखवू नकोस. तिथे तो पळतो, पण डिस्कवर लिहिताना खोटं बोलतो. शंभर फायली लिहिल्या, दोन बिघडल्या. खेळणाऱ्याला कळणार पण नाही. हिचं पोट आहे त्याच्यावर."

मी बोर्ड वहिनींकडे बसवून आलो. पंधरा दिवसांनी माऊस अडतो म्हणून त्यांनी बोलावलं. माऊस साफ केला, तेवढ्यात त्या सहज म्हणाल्या, पान उघडायला फार वेळ लागतो हो, छापखानेवाला घाई करतोय. मी डबा उघडला. ठिपका समोरच होता. माझ्या मनात काय चाललं होतं ते मी अनेकदा आठवून पाहिलंय, आणि ते फार साधं होतं. शंभरात दोन फायली बिघडतात म्हणजे अठ्ठ्याण्णव बिघडत नाहीत, असा हिशोब मी केला. जंपर उचलला आणि त्र्याऐंशीवर बसवला. ठिपका चट्कन तडकला. पानं भराभर उघडायला लागली. आत मी काय हलवलं ते वहिनींना ठाऊक नव्हतं. वहिनींनी चहा केला आणि म्हणाल्या, "तुम्ही तर अण्णांच्याही वरचे निघालात, दिलीपभाऊ." मला ते आवडलं. त्या एका वाक्यासाठीच मी ते केलं होतं, हे चहा पितानाच माझ्या लक्षात आलं होतं.

महिन्याभराने सूचीच्या फायली उघडेनाशा झाल्या. आधी एक, मग एकेक करत बऱ्याच. फ्लॉपींवर काढून ठेवलेल्या प्रतीही बिघडलेल्या मजकुराच्याच होत्या. मंडळाची सभा तोंडावर आली होती. पुन्हा सगळं टाइप करायला दिवस उरले नव्हते.

वहिनींच्या नवऱ्याने अण्णांना बोलावलं. मीही गेलो, कारण न जाणं जास्त दिसलं असतं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, कागदांचे गठ्ठे समोर तसेच पडलेले. अण्णांनी हात धुतले, नळ धरला, येऊन डबा उघडला आणि बॅटरी लावून आत वाकले. खूप वेळ वाकलेलेच होते. मी त्यांच्या पाठीकडे बघत उभा होतो. आता वळतील आणि माझं नाव घेतील, असं वाटत होतं. ते घेईपर्यंत आपणच बोलावं, असंही वाटत होतं. माझ्या घरी सात महिन्यांचा मुलगा होता, दुकानावर नुकताच स्वतःच्या नावाचा बोर्ड लागला होता, आणि माझी जीभ उचलली गेली नाही.

अण्णा सरळ झाले, बॅटरी विझवली. म्हणाले, "बोर्ड मी पास केला. चूक माझी."

वहिनींचा नवरा एवढंच म्हणाला, "अण्णा, तुमच्या शब्दावर घेतला होता."

बाहेर गॅलरीत अण्णांनी मला विचारलं, "मुलगा केवढा झाला रे तुझा?" मी सांगितलं. ते मान हलवून आपल्या खोलीकडे गेले. त्याच दुपारी स्वतःच्या मशीनचा बोर्ड काढून त्यांनी वहिनींकडे बसवला आणि मी बसवलेला घेऊन गेले. पण काम दुसऱ्याकडे गेलं होतं आणि छापखाना पुन्हा काही वहिनींकडे आला नाही. वहिनी एका खानावळीत पोळ्या लाटायला जाऊ लागल्या. मुलीचा डिप्लोमा राहिला तो राहिलाच.

चाळीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. अण्णांच्या ठिपक्याने तावडेंचं घर बुडवलं, असं लोक त्यांच्या तोंडावर बोलले नाहीत, पण बोर्ड घेऊन येणं थांबलं. मी एकदा नवा बोर्ड घेऊन गेलो तर त्यांनी तो हातातही घेतला नाही. "मला विचारू नको आता," म्हणाले. नंतर ते पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायचे. ज्या माणसाने पुऱ्या डिलाईल रोडची मशीनं नजरेखालून घातली असती, तो इस्त्रीची वायर बदलत बसायचा. मी मात्र वाढलो. ऑफिसांची कामं घेतली, माणसं ठेवली, दादरला जागा घेतली. अण्णांकडे आधी महिन्याने जायचो, मग वर्षाने. त्यांची नजर तेव्हाच अधू होती, तडा त्यांना दिसलाच नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. ती समजूत वीसहून जास्त वर्षं टिकली.

मागच्या वर्षी अण्णा गेले. चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये त्यांना खोली मिळाली होती. छातीत मिलचा कापूस होताच, शेवटी श्वास पुरेना. मी शेवटचा भेटलो तेव्हा ऑक्सिजनची नळी लावलेली होती. नव्या घराच्या बेसिनकडे बोट दाखवून ते कसेबसे म्हणाले, "प्लास्टिकचा नळ दिलाय मेल्यांनी." मी हसलो. त्या दिवशीही मी बोलू शकलो असतो. खोलीत आम्ही दोघंच होतो.

तेराव्यानंतर सुनंदाने मला एक पिशवी दिली. अण्णांनी सांगून ठेवलं होतं म्हणे, दिलीपला द्या. आत रजिस्टर होतं आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो बोर्ड. जंपर त्र्याऐंशीवर होता. लाल ठिपका दोन तुकड्यांत, अर्धा जंपरबरोबर आलेला, अर्धा मूळ जागी. रजिस्टरची शेवटची नोंद त्याच बोर्डाची होती. तिच्यानंतर पानं कोरी. स्वभावाच्या रकान्यात लिहिलं होतं, "सहासष्टला सज्जन." दोषाच्या रकान्यात, "बोर्डाचा नाही. सील तुटलेलं. पोर लहान आहे त्याचं."

त्यांना सगळं दिसलं होतं. बॅटरी घेऊन एवढा वेळ वाकले होते ते बोर्ड बघत नव्हते, माझं काय करायचं ते ठरवत होते. मला रडू आलं नाही. लाज वाटली, आणि ती अजून कमी झालेली नाही.

चार दिवसांनी पिशवी घेऊन मी सुमित्रावहिनींकडे गेलो. त्याच टॉवरमध्ये त्यांची खोली, केस पांढरे झालेले, नवरा कधीच गेलेला. दारातच सगळं सांगून टाकलं, कारण आत जाऊन बसलो असतो तर पुन्हा काहीतरी दुसरंच बोललो असतो. बोर्ड दाखवला, पान दाखवलं. त्या शिव्या घालतील अशी माझी तयारी होती. खरं तर तेवढ्यासाठीच गेलो होतो.

वहिनींनी तडकलेल्या ठिपक्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "दर गणपतीला अण्णा प्रसादाची वाटी घेऊन दारापर्यंत यायचे. मी वाटी घ्यायचे आणि दार लावायचे. इतकी वर्षं. एकदाही बसा म्हटलं नाही."

मी म्हटलं, वहिनी, चूक माझी.

"ते अण्णांसमोर म्हणायचं होतंत," त्या म्हणाल्या. "आता मी कोणाला बसा म्हणू?"

बोर्ड त्यांनी परत माझ्या हातात दिला, रजिस्टर मात्र ठेवून घेतलं. मी दारातच उभा होतो. मलाही त्यांनी बसा म्हटलं नाही.