मामंजींच्या खेळपेटीची कड

माझे सासरे पलटणीतून निवृत्त होऊन पारनेरला परतले त्याला बरीच वर्षं झाली होती. मी लग्न होऊन त्या घरात आले ती सत्तर साल संपता संपता. आमचे हे पुण्याला कारखान्यात कामाला होते. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने यायचे, सोमवारी पहाटे परत जायचे. मधले दिवस घरात आम्ही तिघंच असायचो : मामंजी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी. त्या वेळच्या रीतीप्रमाणे सुनेने सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नसे. मामंजींना चहा हवा असला की ते आत्याबाईंना सांगत, आणि मी दाराआडून ते स्पष्ट ऐकलेलं असलं तरी आत्याबाई आत येऊन पुन्हा मला सांगत.

मामंजींनी पडवीत एक पेटी करायला घेतली होती. लांबून मला ती आधी कोंबड्यांचं खुराडं वाटली. जवळ जाऊन पाहिलं तर जाड प्लायवूडची, चार पायांवर उभी, डोक्याकडून पायाकडे उतरती अशी ती होती. आत खिळ्यांच्या वेड्यावाकड्या रांगा, वर काच, आणि उजव्या हाताला स्प्रिंग लावलेला दांडा. दांडा ओढून सोडला की लोखंडी छर्रा वर उडायचा आणि खिळ्यांवर ठेचकाळत खाली यायचा. तो ज्या खळग्यात पडेल त्याचे गुण. महायुद्धात इटलीला असताना मामंजींनी असली पेटी शिपायांच्या कँटीनमध्ये पाहिली होती, असं आत्याबाईंनी मला भाकऱ्या थापताना सांगितलं. तिच्यात दिवे लागायचे आणि घंटा वाजायची म्हणे. इथे दिव्यांचं काही जमण्यासारखं नव्हतं. घंटेऐवजी मामंजींनी बैलाच्या माळेतली घुंगरं टांगली होती.

अडचण होती ती कडांची. प्लायवूड कापलं की त्याचे थर उघडे पडतात आणि कुसळं निघतात. एका सकाळी आत्याबाई पाण्याची घागर घेऊन पेटीजवळून गेल्या आणि त्यांच्या नव्या लुगड्याचा काठ कोपऱ्याला अडकून फाटला. त्यांनी घागर खाली ठेवली, काठ हातात धरून पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "ह्या कडा झाका. न्हाईतर पेटी गोठ्यात न्या."

मामंजींनी पत्र्याची पट्टी ठोकून पाहिली, तिने त्यांचाच अंगठा कापला. सायकलची ट्यूब चिरून लावली, ती दुपारच्या उन्हात चिकट झाली आणि तिचा वास सुटला. इटलीतल्या पेटीला काय होतं ते त्यांना नीट आठवत होतं : गुळगुळीत, फितीसारखं, बाहेरून जरा गोलसर. लाकूड नव्हे, पत्रा नव्हे, रबरही नव्हे.

हे ऐकताना मला माझ्या माहेरचं नगर आठवलं. मोटार स्टँडजवळच्या हॉटेलातल्या टेबलांना अशी प्लास्टिकची कड असायची. लहानपणी भजी येईपर्यंत मी ती नखाने उचकटत बसायची. मी आत्याबाईंना सांगितलं. आत्याबाईंनी तिथेच, चार हातांवर बसलेल्या मामंजींना सांगितलं. मामंजी आत्याबाईंना म्हणाले, तिला विचार, ती कुठं मिळती? मी म्हणाले, आमच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रकच्या सीटा शिवणारे चाचा आहेत, त्यांच्याकडे असल्या वस्तू पडलेल्या असतात. आत्याबाईंनी एवढं सगळं पुन्हा सांगायचा कंटाळा केला आणि म्हणाल्या, "तुमी दोघं जाऊनच या."

अशी मी सासऱ्यांबरोबर नगरला गेले. पारनेरच्या स्टँडपर्यंत मामंजी पुढे आणि मी मागे. नगरला उतरल्यावर मात्र गल्ल्या माझ्या ओळखीच्या, त्यामुळे मला पुढे व्हावं लागलं. डोक्यावरचा पदर सांभाळत मी वाट दाखवत होते आणि मागून त्यांच्या लष्करी बुटांचा आवाज येत होता.

चाचांनी मला लगेच ओळखलं. माहेरच्या सगळ्यांची चौकशी केली आणि मामंजींना बसायला एक शिवून झालेली सीट दिली. मामंजींनी हवेत हात फिरवून पेटी समजावली. दांडा ओढला, छर्रा उडवला, खिळ्यांवरून खाली आणला. चाचा सुई हातात धरून ऐकत राहिले. मग उठून त्यांनी मागच्या भिंतीवरून एक वेटोळं काढलं. काळपट तपकिरी, धुळीने आणि तेलाने माखलेलं, आणि जागोजागी पीळ पडलेलं.

"कुठल्या तरी क्लबच्या टेबलांची हाय," चाचा म्हणाले. "टेबलं मोडीत निघाली. लाकूड लोकांनी नेलं, ही माझ्याकडं राहिली. लई वर्षं टांगलेली हाय."

मामंजींनी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. तिच्या पाठीला मधोमध एक उभी जीभ होती, दोन्ही अंगांनी बारीक दाते असलेली. ही जीभ लाकडाच्या खाचेत ठोकायची, की दाते आत रुततात आणि पट्टी कडेवर घट्ट बसते. मामंजींचा चेहरा उजळला. इतकी वर्षं त्यांना बाहेरची फीत तेवढी आठवत होती, आत काय धरून ठेवतं ते त्यांना आज कळलं. मी हळूच नखाने एका जागी खरवडलं. खालून निळा रंग दिसला. आम्ही निघताना चाचांनी बजावलं, थंडीत वाकवू नका, तुटेल.

घरी आल्यावर मी वेटोळं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजत घातलं आणि काथ्याने घासायला घेतलं. मळ निघाला तसा रंग वर आला, पण तो सगळीकडे सारखा नव्हता. काही हात लांबी राखाडी, काही फिकट निळी, आणि मधला एक तुकडा मोरपंखी. मला मोठं नवल वाटलं. मग मी पट्टी उलटी केली. मागची जीभ मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच गडद निळ्या रंगाची होती. म्हणजे ही पट्टी मुळात सगळी अशी गडद निळी होती. जिथे खिडकीचं ऊन पडत असेल तिथे ती राखाडी झाली, आणि जी बाजू भिंतीकडे असेल ती जवळपास तशीच, मोरपंखी राहिली. कुठलं टेबल कुठे मांडलेलं असेल, याचा विचार करत मी कितीतरी वेळ अंगणात बसून राहिले. आत्याबाईंनी दोनदा हाक मारल्याचं मला कळलंच नाही.

चरे घालवायला मी काचेच्या तुकड्याने पट्टी हलकेच तासली आणि मग रांगोळीत तेलाचे थेंब घालून फडक्याने घोटली. ती हाताला गुळगुळीत लागायला लागली. मामंजींनी तोवर करवतीच्या पात्याने पेटीच्या कडांना खाच पाडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगलाच गारठा होता. पट्टीचे पीळ सरळ करायला मामंजींनी एक टोक पायाखाली धरलं आणि दुसरं ओढलं. काडकन एक वीतभर तुकडा तुटला. ते तसेच थांबले, आणि मग पुन्हा हात घालून ओढणार एवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "मामंजी, ओढू नका. आधी ऊन पाण्यात घाला."

आत्याबाई जात्याजवळ होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पदर पुढे ओढला. आता काय होतंय असं मला झालं. मामंजी पट्टीकडेच बघत होते. तसंच न वळता त्यांनी विचारलं, "किती ऊन?"

"आंघोळीच्या पाण्यापेक्षा जास्त."

आत्याबाई जात्यावरून उठल्या. त्यांनी बंबातलं पाणी घंगाळात काढून दिलं आणि त्या पुन्हा जात्याशी जाऊन बसल्या.

ऊन पाण्यात पट्टी मऊ पडली. मी एक टोक धरून उभी राहिले आणि मामंजी फडकं गुंडाळलेल्या लाकडी ठोकळ्याने ती ठोकत पुढे सरकले. कोपऱ्यांवर ती फुगायला लागली, तेव्हा आम्ही मागच्या जिभेला आतून टोकदार खाचा दिल्या, मग ती मुकाट्याने वळली. ठोकता ठोकता मामंजी बोलायला लागले. कँटीन कसली, ती एक मोडलेली शाळा होती. पायाला गोळी लागून ते तिथे पडून होते, आणि चालायला लागल्यावर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून रोज पेटीपर्यंत चालत जायचे. मी विचारत गेले, ते सांगत गेले. जात्याची घरघर कधी थांबली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आत्याबाई खुंटा धरून ऐकत होत्या. गोळीचं त्यांना माहीत होतं, शाळेचं नव्हतं.

शेवटी पट्टी थोडी अपुरी पडतेय असं वाटलं. मामंजींनी गरम असतानाच ती ताणली आणि टोकाला टोक भिडवलं. सांधा शोधून सापडेना. आम्ही तिघांनी हात फिरवून पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पेटीवर आलं आणि सांध्यात दोन बोटांची फट दिसली. आत्याबाई म्हणाल्या, उंदरानं कुरतडली असेल. पण दाताची खूण कुठे नव्हती आणि टोकं कालच्यासारखीच सरळ कापलेली होती. मामंजींना वाटलं, त्यांचाच अंदाज चुकला.

मला राहवेना. आदल्या सकाळी तुटलेल्या तुकड्याचे मी दोन सारखे भाग केले. दोन्ही ऊन पाण्यात घातले. एक ताणून लांब केला आणि तसाच धरून गार होऊ दिला, दुसऱ्याला हात लावला नाही. मग दोन्ही उन्हात ठेवले. संध्याकाळी पाहिलं तर न ताणलेला होता तेवढाच होता, आणि ताणलेला आखडून जवळपास पहिल्या मापावर आला होता. मी दोन्ही तुकडे मामंजींपुढे नेऊन ठेवले. ते चष्मा लावून, शेजारी शेजारी धरून बघत राहिले.

"म्हंजी ह्याला पहिलं माप याद राहतं," ते म्हणाले.

"ऊन लागलं की आठवतं," मी म्हणाले.

आम्ही सगळी पट्टी काढली. ऊन पाण्यात मोकळी सोडली, हवी तेवढी आखडू दिली, मग न ताणता बसवली. खाच जिथे सैल झाली होती तिथे फडक्याची चिंधी सरसात बुडवून भरली. जी उणीव राहिली ती त्याच दोन तुकड्यांनी पेटीच्या मागच्या अंगाला भरून काढली. राखाडी बाजू मामंजींनी मागे घेतली आणि मोरपंखी दांड्याकडे, जिथे खेळणाऱ्याचा हात टेकतो. पुढे उन्हाळा आला, पण फट पडली नाही.

पेटी पडवीतच राहिली. दुपारी शेजारणी निवडायचं धान्य घेऊन यायच्या आणि सुपं बाजूला ठेवून दांडा ओढत बसायच्या. आत्याबाई गुणांवरून त्यांच्याशी भांडायच्या. मामंजी आता मला थेट हाक मारायचे, "सूनबाई, जरा हे धर." गल्लीत कुणाला ते खटकलं असेल तर आमच्यापर्यंत आलं नाही.

पुढे दुष्काळात शेताची कामं बंद पडली तेव्हा मामंजींनी स्टँडवरच्या चहावाल्यासाठी आणखी एक पेटी केली. तिची कड आमच्या ह्यांनी पुण्याहून आणली, नवी कोरी, लाल. ती सरळ होती, मऊ होती, आणि खाचेत आपसूक बसत गेली. दुपारच्या जेवणाआधी काम संपलं. मामंजींनी ठोकळ्यावरचं फडकं सोडलं, उरलेली पट्टी हातात घेऊन जरा वाकवून पाहिली, आणि मला विचारलं की ही पण आखडत असेल का. मी पाणी तापवायला गेले.